टिचक्याचा बाण

आमच्या कारखान्यात स्वयंपाकघराच्या ओट्यांचे दगड कापले जायचे. तिथे पंधरा-वीस जण कामाला होते आणि त्यातला खऱ्या नावाने ओळखला जाणारा एकच, तो म्हणजे कारखान्याचा कुत्रा. त्याचं नाव मालकाच्या मुलीने ठेवलेलं, ते बदलायची कुणाची छाती नव्हती. बाकी सगळे हत्ती, बुटका, जोडी असेच. मला मास्तर म्हणायचे, कारण गावच्या शाळेत सातवीपर्यंत टिकलेला मी एकटाच, आणि लाद्यांच्या पाठीवर मापं लिहायची तर ती मीच लिहायचो. कडा घासून गुळगुळीत करणं हे माझं खरं काम. पण मला सांगायचंय ते टिचक्याबद्दल.

टिचक्या दगड वाजवून बघायचा. एक जुनी पितळी किल्ली होती त्याच्याकडे, कुठल्या कुलपाची ते त्यालाही ठाऊक नव्हतं. लादी लाकडी घोडीला टेकवून उभी केली की हा डोकं एका अंगाला कलतं करून किल्लीने ठोकत ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. चांगला दगड खणकन वाजतो. आत भेग असली की आवाज बद्द येतो. आम्हाला दोन्ही एकच वाटायचे, पण त्याला भेग कुठून निघाली आणि कुठे जाऊन थांबली हेसुद्धा कळायचं. लग्नात पोरीची आत्या जशी कानोसा घेत फिरते, तसा फिरायचा. चहा थंड होऊन जायचा, पण लादी संपेपर्यंत हा बोलायचा नाही.

दगड काही साच्यात ओतलेली वस्तू नव्हे. त्यात रेघा असतात, खड्डे असतात, डाग असतात, आणि गिऱ्हाइकाला हे सगळं नको असतं. एक बाई तर भिंग घेऊन आल्या होत्या. पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा तडा गेलेला माल तुम्ही माझ्या माथी मारताय."

टिचक्या म्हणाला, "बाई, नख फिरवा. अडकलं तर लादी परत न्या. नाही अडकलं तर ही रेघ दगडाबरोबरच जन्माला आलीय, तुमच्या-माझ्या आधीची आहे."

बाईंनी नख फिरवलं. दहा बोटांची दहा नखं फिरवली. मग म्हणाल्या, "अडकत नाही, पण दिसते ना!"

"मग दिसू द्या की. माझं नाकही वाकडं आहे, बायकोने अजून परत नाही केलं."

बाई हसल्या आणि तीच लादी घेऊन गेल्या.

खड्डा असला तर त्याच दगडाचा तुकडा खलात कुटून त्याचा चुरा करायचा, तो केमिकलमध्ये कालवून लांबी, म्हणजे लुकण, करायची, खड्ड्यात भरायची आणि वाळल्यावर पात्याने खरवडून काढायची. टिचक्याने भरलेला खड्डा नंतर त्यालाच शोधून सापडत नसे. बारीक भेग असली तर पाठीमागून खाच पाडून सळई बसवायची. पण भेग सिंकच्या भोकापाशी आली तर लादी बाद. भोकाच्या पुढे-मागे दगड उरतो जेमतेम चार बोटं. तिथे भेग असली म्हणजे लादी हातात धरलेली असतानाच दोन तुकडे व्हायची भीती.

म्हणून बाण. लादी वाजवून झाली की टिचक्या तिच्या पाठीवर लाल खडूने एक बाण काढायचा. बाणाचं टोक जिकडे, ती बाजू वर धरून न्यायची. बाण नसलेल्या लादीला आमचे हमाल हात लावत नसत. मालक ओरडो, गाडीवाला हॉर्न वाजवो, गिऱ्हाईक दारात उभं राहो. चौघं विडी ओढत बसून राहायचे. "बाण काढा, मग बोला." कारण लादी फुटली तर मालकाचा दगड जाणार, पण यांचे पाय जाणार.

या चौघांचा म्होरक्या हत्ती. टिचक्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने नुसता बांबू, पण जिन्यावर पाऊल टाकताना आधी दाबून बघायचा म्हणून हत्ती. उंच माणूस जिन्यावर खालच्या अंगाला लागतो, म्हणजे लादी आडवी राहते. म्हणून हत्ती कायम खाली आणि बुटका कायम वर. बुटक्याला उलटं चढावं लागायचं, पाठीमागे न बघता, वळणावर भिंत आली हे पाठीनेच ओळखत. मधे ती जोडी, दोघे सख्खे भाऊ, एकमेकांशी सहा वर्षं बोलत नव्हते, तरी लादी मात्र एका तालात उचलायचे.

चौघांच्या खांद्याच्या गाद्या कारखान्याच्या दाराशी खिळ्यांवर टांगलेल्या असत. गोणपाटाची घडी शिवून केलेली गादी, ज्याची त्याने आपल्या हाताने शिवायची. आणि यांचा एक नियम होता, तो मालकानेही कधी मोडला नाही. ज्याने लादी कुठे आपटली, त्याची गादी खिळ्यावरून उतरायची. मग त्याला कोणी आपल्याबरोबर लादीचा कोपरा धरू द्यायचं नाही, आमच्याकडे नाही आणि दुसऱ्या कारखान्यातही नाही. ही खबर गाडीवाल्यांच्या तोंडून चार दिवसांत सगळीकडे जायची. एकाच्या हातावर तिघांचे पाय टांगलेले असतात, असं ते म्हणायचे. मला तेव्हा ते बरोबर वाटायचं.

आता टिचक्याच्या कानांचं सांगतो. तीस वर्षं तो कटरच्या शेजारी उभा राहिला. कटरचा आवाज असा की बाजूच्या गल्लीतल्या म्हशी आटल्या असतील. आधी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या आणि हा समोर बसून विचारतोय, "अजून एकही नाही झाली?" माणसाचं बोलणं त्याला यायचं, तोंड समोर असलं की नीटच यायचं, पाठीमागचं मात्र हळूहळू जात चाललं होतं. गेला होता तो बारीक नाद. म्हणजे नेमका दगडाचा.

त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला म्हणाला, मळ साठलाय, तेल टाकतो. आणि कामावर आपली वेगळी युक्ती काढली. लादीवर पाणी ओतायचं, फडक्याने लख्ख पुसायचं आणि बघत उभं राहायचं. दगड वाळतो, पण भेगेत पाणी मुरलेलं असतं, तिथे काळी ओली रेघ उशिरापर्यंत राहते. त्या रेघेवरून बाण. किल्ली मारायचाच, डोकंही कलतं करायचा, पण ते आम्हाला दाखवायला. दोन वर्षं हे चाललं आणि एकही बाण चुकला नाही. मी दोन हातांवर बसून कडा घासायचो, मलाही कळलं नाही. आता आठवलं की वाटतं, हल्ली हा पाणी फार वापरतो, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

पण दगड बदलला होता. पूर्वी खाणीवरून जसा निघायचा तसा यायचा. हल्ली पाठवणारेच त्याला आधी पातळ केमिकल पाजतात, भेगा बुजवतात, पाठीवर जाळी चिकटवतात आणि वरून पॉलिश. बुजलेल्या भेगेत पाणी शिरत नाही. कान असता तर तिथे आवाज बद्द आलाच असता. टिचक्या पाणी ओतून बघत राहिला आणि लादी सगळीकडे सारखी वाळली.

काळी लादी होती, आठ फुटांची, मधे सिंकचं भोक. घर तिसऱ्या मजल्यावर. टिचक्याने बाण काढला, हमालांनी उचलली, मी पॉलिशचं सामान घेऊन गाडीतून गेलो. मी खाली बादली भरत होतो. वरून आवाज आला, फळा पडावा तसा, आणि मग हत्तीचा. त्या आवाजाबद्दल मी लिहीत नाही.

दुसऱ्या वळणावर लादी सिंकपाशी तुटली होती. खालचा तुकडा हत्तीच्या डाव्या पायावर. आम्ही सहा जणांनी तो बाजूला केला. इस्पितळात तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला.

वळणावर भिंतीचा गिलावा हातभर खरवडला होता. ते पाहून मालक म्हणाला, "इथे लागली." जोडीतला थोरला म्हणाला, "मी पायाकडे बघत होतो." धाकटा म्हणाला, "मी पण." सहा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

बुटका म्हणाला, "नाही लागली. तुटल्यावर माझ्या हातातलं टोक फिरलं, तेव्हा भिंतीला घासलं. आधी तुटली, मग लागली."

"मग काय बाण चुकला?" मालकाने विचारलं.

बाण चुकतो असं म्हणायचं तर उद्यापासून कुठली लादी कशाच्या भरवशावर उचलायची? बुटका स्वतःही ते म्हणाला नाही. संध्याकाळी जोडीने त्याची गादी खिळ्यावरून काढली आणि कटरखालच्या चिखलपाण्यात टाकली.

तुटलेले तुकडे गाडीतून परत आले. मालक टिचक्याला म्हणाला, "काळा चुरा संपत आलाय ना? हेच कुटून टाक."

टिचक्याने तुकडा उलटा केला. ताजा तुटलेला दगड साखरेसारखा चमकतो. या तुकड्याची तुटलेली कड सिंकपाशी चार बोटांपैकी तीन बोटं पिवळट, मेलेली होती. तिथे जुनी भेग होती, केमिकलने बुजवलेली. ताजी चमक फक्त एका बोटाची. म्हणजे लादी जिन्यावर चढायच्या आधीच पाऊण तुटलेली होती.

हे त्याने मला पुढे सांगितलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की त्याने हातोडा घेतला आणि सगळ्यात आधी ती कड फोडली. माणूस तुकडा फोडायला घेतो तर कोपऱ्यापासून घेतो. मला जरा चमत्कारिक वाटलं. दुपारपर्यंत त्याने खलात सगळं पीठ करून डब्यात भरलं, आणि त्या महिन्यात त्यानेच ते काळ्या ओट्यांच्या खड्ड्यांतून भरलं. कुणाकुणाच्या घरी ते असेल, आज सांगता यायचं नाही.

बुटका रोज सकाळी फाटकाशी यायचा. आत यायचा नाही. कारखाने पाच-सहा फिरून झाले होते, सगळीकडे त्याला एकच नाव पडलं होतं, 'भिंतवाला.' बायको लोकांच्या घरी भांडी घासायला जायला लागली होती, आणि हा दिवसभर दोन पोरींना घेऊन दारात बसायचा. जिन्यावर उलटं चढणारा त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही.

साधारण महिन्याने तो आत आला, सरळ टिचक्यासमोर. मी शेजारीच होतो.

"दादा, तुम्ही तरी सांगा. तुम्हाला तुटलेला दगड बघून कळतं. धक्क्याने तुटला की आतूनच तुटला, हे तुम्ही सांगितलं तर मालक ऐकेल. ते तुकडे कुठे आहेत?"

"कुटले," टिचक्या म्हणाला.

"कुणी?"

"मी. मालकाने सांगितलं म्हणून."

"बघितले नाहीत कुटायच्या आधी?"

टिचक्या खाली बघून फडकं पिळत राहिला. बुटका वाट बघत उभा होता. त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून त्याने तेच जरा मोठ्याने विचारलं. "दादा, बघितले नाहीत?"

"नाही."

बुटका गेला. टिचक्याने त्या दिवशी एकाही लादीवर बाण काढला नाही, पोट दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी इस्पितळात गेला.

हत्ती उशीला टेकून बसला होता. टिचक्याने सगळं सांगून टाकलं. कान, पाणी, पिवळी कड, हातोडा. हत्तीने विचारलं, "किती दिवस ऐकू येत नव्हतं, दाजी?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षांत मी किती लाद्या उचलल्या असतील?"

टिचक्या मनातल्या मनात हिशेब करायला लागला.

"रोजच्या तीन धरल्या तरी..." हत्ती बोटं मोजायला लागला, आणि मधेच थांबला. "माझं सोडा, माझा पाय गेला. तो बुटका बिचारा वरून ओरडला होता, 'हत्ती, सोड, तुटली!' त्याने सांगितलं म्हणून दुसरा पाय तरी मागे घेतला. आणि मी त्याला शिव्या घातल्या." मग तो भिंतीकडे तोंड करून निजला. टिचक्याची बायको तिथेच होती, भावाचा डबा घेऊन आलेली. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तेल टाकतो म्हणाला होतात."

तिथून टिचक्या कारखान्यात आला आणि सगळ्यांसमोर मालकाला तेच सांगितलं. मालकाचा विश्वास बसेना.

"अरे, मेहुण्याचं बघून तुझं डोकं फिरलंय. घरी जा, आठ दिवस झोप काढ."

"मास्तर," टिचक्या माझ्याकडे वळला, "पाच चांगल्या लाद्या घे आणि पाच बाद. मी भिंतीकडे तोंड करतो. तू एकेक वाजव. मी सांगतो."

त्याने किल्ली माझ्या हातात दिली. कटर बंद केला. कारखाना इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. मी पहिली लादी वाजवली, खणकन. तो म्हणाला, "बाद." दुसरी वाजवली, ती बाद होती, कटर बंद असल्यावर माझ्यासारख्यालाही कळत होतं. तो म्हणाला, "चांगली." तिसऱ्या लादीपाशी मी नुसता जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात तो म्हणाला, "ही पण चांगली."

मी अजून किल्ली उचललीच नव्हती.

जोडीतला धाकटा हसला, आणि मग त्यालाच लाज वाटली. मालकाने मला किल्ली खाली ठेवायला सांगितलं आणि टिचक्याला बाजूला घेतलं. पण बहिऱ्याशी हळू बोलता येत नाही, म्हणून ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "हे इथेच राहू दे. तू पाण्याने बघतोस तसं बघ, बाण काढत जा. बाण असला की हे उचलतात. बुटक्याला मी कुठेतरी लावून देतो."

टिचक्याने फडकं ओलं केलं. दाराशी अकरा लाद्या निघायच्या तयारीत उभ्या होत्या. त्याने एकेक करून अकराही बाण पुसले. मालक मागे मागे बोलत होता, याला ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. संपूर्ण आठवडा त्या लाद्या तशाच उभ्या होत्या.

त्याच दिवशी तो बुटक्याच्या घरी गेला. मी बरोबर होतो, कारण एकटं जायची त्याची हिंमत होईना. बुटका दारातच बसला होता. टिचक्याने उभ्याउभ्याच सांगितलं. बुटक्याने पोरींना आत पाठवलं.

"मग काल नाही का म्हणालात?"

"घाबरलो."

"तुकडा एक तरी ठेवलाय?"

"नाही."

"म्हणजे मी आता लोकांना काय दाखवू? तुम्ही म्हणता म्हणून कोण ऐकणार? म्हणतील, मेहुण्याच्या साथीदाराची दया आली म्हणून बोलतोय."

टिचक्या म्हणाला, "मला दाखव."

आणि तसंच झालं. पुढचे पंधरा दिवस हे दोघं एकेका कारखान्यात गेले. मी दोनदा बरोबर होतो. बुटका पुढे, टिचक्या दोन पावलं मागे. फाटकात शिरून बुटका म्हणायचा, "हा आमचा बाणवाला. याला दगड ऐकू येत नाही. वाजवून बघा." आणि टिचक्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. परके लोक, ज्यांनी याच्या कानाचं नाव ऐकलेलं, जमा व्हायचे. कुणी लादी वाजवायचं, कुणी पत्र्याचा डबा. एका ठिकाणी एकाने मागून घाणेरडी शिवी दिली आणि टिचक्या म्हणाला, "चांगली." सगळे पोट धरून हसले. बुटका नाही हसला. त्याने टिचक्याला वळवलंही नाही. पुढची लादी वाजवायला सांगितली.

चार कारखान्यांनी हो-हो करून वाटेला लावलं. पाचव्याचा मुकादम म्हातारा होता. त्याने सगळं पाहिलं, मग बुटक्याला म्हणाला, "गादी आहे का तुझी?"

"चिखलात गेली."

"मग नवी शीव. उद्या ये. वरच्या अंगाला माणूस हवाच आहे."

फाटकाबाहेर आल्यावर बुटका थांबला. टिचक्याच्या अगदी समोर आला, तोंड त्याला नीट दिसेल असं, आणि सावकाश, मोठ्याने बोलला. "माझं काम झालं. तुम्ही केलंत. आता माझ्या दाराशी येऊ नका, आणि रस्त्यात दिसलो तर हाक मारू नका."

"बरं," टिचक्या म्हणाला.

बुटका गोणपाट घ्यायला बाजाराकडे गेला. टिचक्या जागेवरच उभा राहिला. पाठीमागून एक गाडी हॉर्न देत येत होती. मी त्याला दंडाला धरून कडेला ओढलं.